मेन स्विच बंद करून दाखवलेला अँटेना

बाबांना रात्री जेवण झाल्यावर रेडिओवर शॉर्टवेव्ह, म्हणजे लांबलांबची स्टेशनं, ऐकायची सवय आहे, चाळीस-पन्नास वर्षांची. इंदूरमध्ये सुदामानगरच्या या घरात आल्यापासून मात्र रेडिओतून नुसती खरखर यायची. वय एक्याऐंशी, बाहेर जाणं जवळपास बंद, त्यात हीही करमणूक गेली म्हणून मी गच्चीवर तारेचा अँटेना लावून घ्यायचं ठरवलं. ओळखीच्यांनी एकाचा नंबर दिला. माणूस मराठी, बोलायला गोड. 'काका, बीबीसी हिंदी पुन्हा लावून देतो, बघाच तुम्ही,' असं त्याने बाबांना सांगितलं आणि बाबांचा चेहरा उजळला. तिथेच मला शंका यायला हवी होती. बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला कायमचं बंद झालंय. जी लहर हवेतच नाही ती कुठल्याही तारेने पकडता येत नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आणि बाबा आपल्याच रेडिओत बिघाड झाला असं समजून चालले होते.

तो संध्याकाळी आला. 'दादा, शॉक लागायला नको,' म्हणून आधी घराचा मेन स्विच बंद करायला लावला. इन्व्हर्टरसुद्धा. मग गच्चीवर तार ताणली, मध्ये एक काळी डबी बसवली, केबल खाली खोलीत आणली आणि सेलवर चालणाऱ्या आमच्या रेडिओला जोडली. शॉर्टवेव्हच्या ३१ मीटर पट्ट्यावर एक स्टेशन असं स्वच्छ लागलं की बाबांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. अंधारातच मी मोबाइलवरून साडेसहा हजार रुपये पाठवले. तो गेल्यावर मेन लावला आणि खरखर पहिल्यासारखी सुरू झाली. फोन केला तर म्हणाला, 'नवी तार आहे, सेट व्हायला तीन-चार दिवस लागतात.' चार दिवसांनी फोन बंद.

आठवडाभराने रात्री लाइट गेली, इन्व्हर्टरही बंद पडला. बाबांनी सहज रेडिओ लावला, केबल न जोडता, नुसती त्याची स्वतःची दांडी उभी करून. तेच स्टेशन, तितकंच स्वच्छ. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. खरखर बाहेरून येतच नव्हती. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांच्या आतल्या सर्किटमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तो सगळा गोंगाट शॉर्टवेव्हवर पसरतो. त्या माणसाला हे पक्कं माहीत होतं. त्याने आमच्याच घराचा गोंगाट बंद करून तो अँटेनाचा गुण म्हणून विकला.

डबी एमसीलने बंद केलेली होती. फोडली. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची रिंग असायला हवी होती, तिच्यावर एकास तीन या प्रमाणात वायरचे वेढे; त्याने तारेकडचा साधारण साडेचारशे ओहमचा विद्युतरोध केबलच्या पन्नास ओहमशी जुळतो. आमच्या डबीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वायर होती आणि वजनासाठी दोन नट. 'शुद्ध तांब्याची' तार ब्लेडने खरवडली तर आतून पांढरी निघाली, तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. खरं बोलायचं तर ऐकण्यात त्याने फारसा फरक पडत नाही, कारण या लहरींचा प्रवाह तारेच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. पण दाम तांब्याचा घेतला, आणि वाऱ्याने हलून हलून ती गाठीपाशी तुटायला आली होती. अर्थिंगची वायर टाकीच्या पाइपाला गुंडाळलेली, आणि तो पाइप प्लॅस्टिकचा!

आता मी महाराणी रोडवरून साधी कव्हर असलेली तांब्याची वायर आणली, बारा मीटर, काही शे रुपयांत. एक टोक टाकीच्या कठड्याला, दुसरं मागच्या कडुलिंबाला, नायलॉनच्या दोरीने आणि थोडी सैल, म्हणजे झाड हललं तरी तुटत नाही. घरापासून जितकी लांब जाईल तितकी खरखर कमी. बाबांच्या खोलीतले दोन स्वस्त एलईडी बल्बही बदलले. अर्धा फरक त्यानेच पडला. ढग गडगडायला लागले की केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाकतो.

कोणी लावून देत असेल तर पैसे देण्याआधी घरातले सगळे दिवे, पंखे, चार्जर चालू ठेवा. एकच स्टेशन लावून त्याच्यासमोर केबल जोडा, काढा, पुन्हा जोडा. फरक तुमच्या कानाला कळला पाहिजे. डबी उघडून दाखवायला सांगा. आणि बिल घ्या. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करायला बसलो तेव्हा माझ्याकडे ना बिल होतं ना दुकानाचं नाव.

पैशांपेक्षा ज्याने माझी झोप उडवली ते वेगळंच आहे. तारेचं दुसरं टोक त्याने गल्लीतल्या विजेच्या खांबाला बांधलं होतं. अंधारात मला दिसलं नाही. वरच्या चालू तारेला ती नुसती टेकली असती तर वीज थेट बाबांच्या हातातल्या रेडिओत आली असती. मी वीज कंपनीच्या लाइनमनला बोलावून ती सोडवली. अँटेना लावणारा तो माणूस त्या संध्याकाळी बोलता बोलता सांगत होता की लोकमान्यनगरात दोन आणि राजेंद्रनगरात एक अँटेना त्याने असाच बसवलाय. तुमच्या गच्चीवर अशी काळी डबी असेल तर तार कुठे बांधली आहे ते आजच, उजेडात, लांबूनच बघा. खांबाला असेल तर हात लावू नका. लाइनमनला बोलवा.