लॉजिटेक एम185: बंद पडला तरी लगेच टाकू नका

एक एए सेल, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टात खोचायचा नखाएवढा रिसीव्हर, तळाला ऑन-ऑफचं बटण आणि 1000 डीपीआय, म्हणजे हालचाल टिपण्याची बारकाई. एक्सेल, टॅली, ऑनलाइन फॉर्म भरणं, एवढ्या कामाला लॉजिटेकचा एम185 वायरलेस माऊस अगदी पुरेसा आहे. डावखुऱ्यांनाही चालतो. लांबी मात्र जेमतेम 10 सेंटिमीटर, त्यामुळे मोठ्या हाताचा तळवा त्यावर नीट टेकत नाही. आम्हाला तो आवडतो तो दुसऱ्याच कारणाने: बंद पडला तरी बहुतेक वेळा घरच्या घरी सुरू होतो.

सुरुवात सेलच्या खाचेपासून करा. नवीन अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायच्या यंत्रावर) 1.5 व्होल्टच्या वर दाखवतो, 1.1 च्या आसपास आला की बदलाच. नवा सेल टाकूनही हालचाल नसेल तर स्प्रिंग नीट बघा. सेल पाझरला की तिच्या वेटोळ्यांत पांढरी भुकटी साचते आणि करंट अडतो. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमट हवेत तर खाचेतल्या पत्र्यावर हिरवट थरही चढतो. कानकाडीच्या कापसाला थेंबभर व्हिनेगर लावून भुकटी पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, पूर्ण वाळू द्या आणि दबलेली स्प्रिंग चिमट्याने जराशी ओढून घ्या. महिनोन्महिने वापर नसेल तर सेल काढूनच ठेवावा.

पॉइंटर अडखळत, उड्या मारत चालतोय? मग रिसीव्हर कुठे खोचलाय ते पाहा. यूएसबी 3.0 चं पोर्ट आणि त्याला जोडलेली हार्ड डिस्क चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींच्या पट्ट्यात गोंगाट करतात, आणि हा माऊस त्याच पट्ट्यात बोलतो. रिसीव्हर यूएसबी 2.0 च्या पोर्टात लावा, नाहीतर मीटरभराची एक्स्टेन्शन वायर घेऊन तो माऊसजवळ आणा. साध्या वायरीने एवढा फरक पडतो की नवा माऊस घ्यायचा विचार मागे पडतो. टेबलावर काच असेल तर खाली जाडसर कागद ठेवा. पारदर्शक काचेवर सेन्सरला पकडायला काहीच मिळत नाही.

थोडा वेळ चालून मध्येच झोपत असेल तर दोष बहुधा विंडोजच्या वीजबचतीचा. विंडोज की आणि एक्स एकत्र दाबा, मग एम; डिव्हाइस मॅनेजर उघडेल. टॅब आणि बाणांच्या कळांनी यूएसबी रूट हब गाठा, पॉवर मॅनेजमेंटमध्ये उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा. माऊसशिवाय जमत नसेल तर डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबा, होकार द्या, की नंबरपॅडने पॉइंटर हलतो.

एका क्लिकचे दोन होऊ लागले की बटणाखालच्या मायक्रोस्विचच्या (छोट्या स्विचच्या) आतली तांब्याची पट्टी झिजलेली असते. हवा मारून वा तेल सोडून ती सुधरत नाही, तेल तर नकोच. स्विच बदलायला सोल्डरचा जुना डाग काढून नवा द्यावा लागतो; सोल्डरिंगचा हात असेल तरच माऊस उघडा, आणि वॉरंटी असेल तर उघडूच नका.

रिसीव्हर हरवला तर मात्र अडचण. तो त्याच माऊसशी जोडलेला असतो, दुसरा कुठलाही नुसता खोचून चालत नाही. म्हणून बॅगेत टाकताना तो लॅपटॉपमधून काढायचा आणि झाकण उघडून सेलशेजारच्या खाचेत ठेवायचा.