तापून उजळणारा प्रकाश आणि थंड प्रकाश

लोखंड साधारण ५२५ अंश सेल्सिअसला अंधारात मंद लाल दिसू लागतं. आणखी तापवलं की नारिंगी, पिवळं, मग पांढरट. (म्हणजे रागाने लालबुंद झालेला माणूस या हिशेबाने अजून खालच्याच पायरीवर!) जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार सुमारे २,५०० अंशांपर्यंत तापते, तरी बहुतेक ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतच जाते.

काजवा आणि एलईडी तापून उजळत नाहीत. काजव्यात रासायनिक क्रिया, एलईडीत इलेक्ट्रॉनची खालच्या ऊर्जापातळीवर उडी. रंग तापमानावर नव्हे, पदार्थावर ठरतो.

वीज वाचवायची तर एलईडीच, यात वाद नाही. पण तारेच्या प्रकाशाचा वर्णपट सलग असतो, त्यात लाल छटा उठून दिसतात. हलक्या प्रतीच्या एलईडीखाली त्याच मळकट वाटतात.