स्प्रिंगचा लाँचर आणि फेटचे सिम्युलेशन: शैक्षणिक वर्षभराच्या वापरानंतर

अकरावीला प्रक्षेप्य गती (फेकलेल्या वस्तूची हवेतली गती) शिकवण्यासाठी जूनमध्ये साडेआठ हजार रुपये मोजून घेतलेल्या स्प्रिंगच्या लाँचरचा खटका दिवाळीनंतर तुटला, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी जो मनस्ताप झाला त्यामुळे हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. यात दोरीने खटका ओढला की नळीतली दाबलेली स्प्रिंग सुटून पोलादी गोळी फेकते, आणि ओळंबा असलेल्या कोनमापकावर नळीचा कोन दिसतो.

या संचाचा खरा दोष खटक्यातच आहे आणि तो तुटण्याआधीपासून होता. दोरी ओढताच नळीला हिसका बसतो आणि कोन धरून ठेवणारी चकती पातळ पत्र्याची असल्याने नळी हळूहळू खाली झुकते. ४५ अंशांवर लावलेली नळी काही गोळ्यांनंतर ४२ वर आलेली असे. गोळी पडते तिथे ठिपका उमटावा म्हणून जमिनीवर ठेवलेल्या कार्बन पेपरखालचा पांढरा कागद उचलला, की ठिपके एका जागी गोळा झालेले नसत, तर मुंगीच्या रांगेसारखे पुढे पुढे सरकलेले दिसत. मुलांनी पट्टी लावून मोजले तेव्हा पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात सुमारे तीन सेंटिमीटरचे अंतर होते. पल्ला, म्हणजे गोळी किती दूर पडते ते, मोजायला शिकवणाऱ्या उपकरणात एवढी ढिलाई मला अक्षम्य वाटते.

विक्रेत्याचे उत्तर ठरलेले होते: संपूर्ण संच कुरिअरने पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, सुटा भाग मिळणार नाही. वॉरंटीचे कागद दाखवूनही फरक पडला नाही. शेवटी सातपूरच्या एका लेथवाल्याने दीडशे रुपयांत पोलादी पिन वळून दिली आणि चकतीमागे जाड वॉशर घातला. आता ठिपके रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत पडतात. हे काम कारखान्यातच का होऊ नये, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

लाँचर बंद होता त्या काळात सगळी भिस्त फेटच्या (PhET) सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरच्या आभासी प्रयोगावर होती. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या या प्रकल्पाची सिम्युलेशन्स विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेट गेले तरी चालतात. भोपळ्यापासून पियानोपर्यंत काहीही तोफेतून उडवता येते, वेगाचे आडवे आणि उभे घटक बाणांनी दिसतात, आणि हवेचा रोध सुरू करताच अन्वस्ताचा, म्हणजे उडवलेल्या वस्तूच्या वक्र मार्गाचा, उतरता भाग कसा आखडतो हे फळ्यावर कितीही रेखाटले तरी इतके स्पष्ट होत नाही. त्या आठवड्यांत, एवढे सगळे फुकट मिळत असताना साडेआठ हजार कशाला घालवले, असे माझे ठाम मत झाले होते.

लाँचर दुरुस्त होऊन आल्यावर ते मत बदलले. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावरून आडवी सोडलेली गोळी १.१७ मीटरवर पडली, त्यावरून मुलांनी स्वतः वेग काढला: सेकंदाला सुमारे ३ मीटर. मग मी विचारले, सर्वांत लांब कोणत्या कोनात जाईल? सगळ्या वर्गाने ४५ अंश सांगितले, आणि प्रत्येकाने जमिनीवर खडूने आपापली खूण केली. ४५ अंशांची गोळी १.४१ मीटरच्या जवळपास पडली, ३० अंशांची मात्र १.४९ वर. वर्ग अक्षरशः गप्प झाला. गोळी सुटते त्या पातळीवरच उतरत असेल तरच ४५ अंशांचा नियम लागू पडतो, हे पाठ्यपुस्तकातल्या सूत्रात गृहीत धरलेले असते आणि मुलांच्या नजरेतून सुटते. त्यानंतर सिम्युलेशनमध्ये तोफ उंचावून तोच प्रकार पाहिल्यावर कारण त्यांना स्वतःहून सापडले: उंचीमुळे उड्डाणकाल आधीच मिळालेला असतो, त्यामुळे आडव्या वेगाला जास्त वाटा देणे फायद्याचे ठरते.

पडद्यावर हेच आधी दाखवले असते तर मुलांनी ते निमूटपणे वहीत उतरवून घेतले असते. शिवाय तिथे प्रत्येक गोळी तंतोतंत त्याच जागी पडते, त्यामुळे मोजमापातील विखुरणे काय असते हे कळण्याचा मार्गच नाही. म्हणून आता मी आधी लाँचर, मग सिम्युलेशन, हाच क्रम ठेवते.

घ्यायचा असेल तर दुकानातच नळी ४५ अंशांवर लावून खटका दहा-बारा वेळा ओढून पाहा, दर वेळी ओळंबा तपासा, आणि सुटी पिन मिळत असल्याचे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.