स्टिकरवर १२ एएच, आत पावणेचार: बाईकच्या लिथियम बॅटरीचा रिव्ह्यू

लिथियम बॅटरी घेणारे बहुतेक जण वजन बघूनच घेतात आणि त्यात फसवणूक काही नाही, जुनी लेड ॲसिडवाली जवळपास ४ किलोची होती आणि ही एक किलोच्या आत, हातात घेतली की रिकामा डबा पाठवला की काय असं वाटतं. पण वजनाचं कौतुक नंतर करा, आधी बाजूचं बारीक अक्षरातलं वाचा. पुढे मोठ्या आकड्यात १२ एएच (ॲम्पिअर-अवर, म्हणजे साठ्याचं माप), बाजूला ४८ वॅट-अवर (साठवलेली ऊर्जा). ४८ ला बॅटरीच्या १२.८ व्होल्टने भागा, उत्तर पावणेचार एएच. म्हणजे ते १२ 'लेड इक्विव्हॅलंट' आहेत, सेल्फ मारताना १२ एएचच्या लेड ॲसिडएवढा जोर देईल एवढाच त्याचा अर्थ. जोर देते, नक्की देते, पण साठा तेवढा नाहीये आणि ही गोष्ट पुढच्या बाजूला सरळ लिहायला कंपन्यांचं काय जातं कोण जाणे.

सेल्फच्या बाबतीत मात्र पैकीच्या पैकी मार्क. इंटर्नल रेझिस्टन्स, म्हणजे बॅटरीच्या आतला विरोध, कमी असल्यामुळे बटण दाबल्यावर व्होल्टेज फारसं पडत नाही आणि इंजिन जुन्या बॅटरीपेक्षा जोरात फिरतं. फक्त कडाक्याच्या थंडीत पहिला सेल्फ मरगळलेला येतो, तेव्हा घाबरून बॅटरी बदलायला निघू नका. दोन-तीन मिनिटं हेडलाईट लावून ठेवा, करंट वाहिला की सेल आतून गरम होतात आणि दुसरा-तिसरा सेल्फ चांगला येतो. तापमान शून्याच्या खाली असेल तर चार्जर मात्र लावू नका, आत लिथियमचा थर बसतो आणि तो परत जात नाही.

आता खरी अडचण, गाडी उभी राहते तेव्हाची. लोक सांगतात लिथियमचा सेल्फ डिस्चार्ज, म्हणजे न वापरता आपोआप उतरणं, कमी असतो, महिनोन्महिने बघायला नको. बरोबर आहे, पण ते वायर काढून ठेवलेल्या बॅटरीचं. गाडीत अलार्म असेल, जीपीएस ट्रॅकर असेल, घड्याळ असेल, सगळं मिळून समजा १० मिलिॲम्प ओढत असेल तर दिवसाला ०.२४ एएच गेले. खऱ्या १२ एएचच्या बॅटरीला रिकामी व्हायला ५० दिवस लागतील, ही पंधरवड्यात संपते, सेल्फ तर त्याच्या आधीच बंद. म्हणून घेताना क्रँकिंग ॲम्प (सेल्फ मारताना मिळणारा करंट) बघा पण वॅट-अवरही बघा, आणि गाडी बरेच दिवस उभी राहत असेल तर एक साईज मोठी घ्या नाहीतर निगेटिव्ह काढून ठेवायची सवय लावा. ठेवताना फुल चार्ज पण नको, अर्ध्याच्या थोडी वर बरी.

आणि बॅटरी निवडायच्या आधी स्वतःची गाडी तपासा, हे कोणीच करत नाही. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवा आणि टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. साधारण १३.८ ते १४.६ व्होल्टमध्ये आकडा आला तर निर्धास्त घ्या. १५ च्या वर जात असेल तर आधी रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग, बदला. जुन्या गाड्यांमध्ये हा प्रकार दिसतो, लेड ॲसिड तो मार बऱ्यापैकी सहन करते, लिथियम नाही. दुसरं म्हणजे आत लिथियम आयर्न फॉस्फेटच आहे ना हे बघा, ज्याला एलएफपी म्हणतात. चार सेल सिरीजमध्ये, प्रत्येकी ३.२ व्होल्ट, असे १२.८ होतात, त्यामुळे १२ व्होल्टच्या गाडीशी जुळतं, आणि कोबाल्टवाल्या सेलपेक्षा भडका उडायची भीती बरीच कमी. इंजिनच्या अगदी अंगाला किंवा सायलेन्सरजवळ मात्र बसवू नका, उष्णता यांनाही मानवत नाही.

मेंटेनन्स म्हणाल तर पाणी टाकायचं नाही, ॲसिडचे डाग नाहीत, आडवी बसवा नाहीतर उभी. पण चार्जर जुना चालेल का? डिसल्फेशन मोड असेल तर अजिबात नाही, तो जे जास्त व्होल्टेजचे झटके देतो ते लेड ॲसिडच्या प्लेटवर साचलेलं सल्फेट तोडायला असतात आणि हिच्यात सल्फेट नसतंच, उलट सेल किंवा आतलं सर्किट जायचं. लिथियम मोडवाला चार्जर घ्या, तो १४.४-१४.६ ला थांबतो.

मल्टिमीटरवर वाचताना जुने आकडे विसरा. १२.८ दिसले की लेड ॲसिडवाला खूश होतो, हिच्यात मात्र १२.८ म्हणजे टाकी तळाला आली. फुल चार्ज करून काही तास ठेवली तर १३.३ च्या आसपास दिसते आणि मधला बराच वेळ आकडा हलतच नाही, त्यामुळे नुसत्या व्होल्टेजवरून किती उरलीय ते कळणं अवघड.

बीएमएसबद्दल, म्हणजे सेल सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटबद्दल, दुकानात नीट विचारा. काहींमध्ये नुसतं सेल बॅलन्सिंग (सगळे सेल सारखे चार्ज ठेवणं) असतं, काहींमध्ये व्होल्टेज खाली गेलं की बॅटरी स्वतःच बंद होते, या दुसऱ्या प्रकारची घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी. पहिल्या प्रकारची पार ८-९ व्होल्टपर्यंत उतरली असेल तर कितीही हळहळ वाटली तरी जबरदस्तीने चार्ज करून परत वापरू नका, आत तांबं विरघळून शॉर्ट व्हायचा धोका असतो. धक्का मारून गाडी चालू करायचा मोहही नको, कारण रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि त्यात स्टेटर (इंजिनमधलं वीज तयार करणारं कॉइल) आणि रेग्युलेटर तापतात.

बसवताना एक किरकोळ वैताग, डबा जुन्यापेक्षा छोटा असल्याने सोबतचे फोमचे तुकडे चिकटवावे लागतात. ते आळस न करता चिकटवा, आणि थोडी गाडी चालवून झाली की टर्मिनलचे बोल्ट परत एकदा आवळा. बोल्ट नुसता ढिला असला तरी सेल्फ लागत नाही आणि लोक चांगल्या बॅटरीवर वॉरंटी क्लेम टाकून मोकळे होतात.