डेबियनचा ३.० क्विल्ट सोर्स फॉरमॅट: रोज वापरणारीचा अभिप्राय

कुठलंही सोर्स पॅकेज (प्रोग्रामचा मूळ कोड आणि तो बिल्ड करायच्या सूचना) उघडलं की मी आधी एवढंच बघते: यात मूळ लेखकांचं काय आणि डिस्ट्रोनं (डेबियनसारख्या लिनक्स वितरणानं) घातलेलं काय, हे वेगवेगळं दिसतंय का? डेबियनचा ३.० क्विल्ट फॉरमॅट या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास होतो.

रचना साधी आहे. अपस्ट्रीमचा, म्हणजे मूळ लेखकांचा, टारबॉल (फाइलींचा एकत्र गठ्ठा) जसाच्या तसा, डेबियनच्या सगळ्या फाइली दुसऱ्या छोट्या टारबॉलमध्ये आणि या दोन्हींचे चेकसम (फाइल बदलली नाही ना, हे ताडायचे आकडे) लिहिलेली, सही केलेली एक डीएससी फाइल. जुन्या १.० फॉरमॅटमध्ये डेबियनचे सगळे बदल एकाच मोठ्या डिफमध्ये (बदललेल्या ओळींच्या यादीत) कोंबलेले असायचे. सुरक्षेची दुरुस्ती, मॅन पेजमधलं (कमांडच्या माहितीपानातलं) शुद्धलेखन, बिल्डच्या सूचना, सगळं एकत्र. त्या डिफमध्ये बायनरी फाइल बसत नसे, त्यामुळे साधं आयकॉन घालायचं तरी ते आधी यूयूएनकोड करून मजकुरात बदलावं लागे. ३.० नं ही कटकट संपवली. शिवाय एकापेक्षा जास्त अपस्ट्रीम टारबॉलही चालतात.

खरी गंमत पॅचेसच्या फोल्डरमध्ये आहे. तिथे प्रत्येक बदलाची वेगळी फाइल, म्हणजे पॅच, असते. दुसऱ्याचं पॅकेज हातात आलं की मी सर्वात आधी तिथली सिरीज फाइल वाचते. कोणता पॅच कोणत्या क्रमानं लागतो, ते एका नजरेत कळतं. पॅचच्या डोक्यावर वर्णन, लेखक, बगचा दुवा आणि 'फॉरवर्डेड' (बदल अपस्ट्रीमला पाठवला का) ही ओळ नीट भरलेली असेल, तर तो पॅच पुढच्या आवृत्तीत ठेवायचा की काढायचा, हे कुणाला न विचारता ठरवता येतं. माझी पहिली तक्रारही इथलीच. हे मथळे सक्तीचे नाहीत. 'फिक्स बिल्ड' एवढंच नाव असलेला आणि आत एक अक्षर खुलासा नसलेला पॅचही बिनबोभाट चालून जातो.

फझबाबतचा (पॅच तंतोतंत न जुळण्याबाबतचा) कडकपणा मात्र मला मनापासून आवडतो. आजूबाजूच्या ओळी थोड्या बदलल्या असल्या तरी साधी पॅच कमांड अंदाजानं जागा शोधून बदल लावून टाकते. डीपीकेजी-सोर्सला (सोर्स पॅकेज बांधणाऱ्या आणि उघडणाऱ्या डेबियनच्या साधनाला) ते चालत नाही, तो तिथेच थांबतो. अनेकांना याचा त्रास वाटतो. पण एकसारख्या दिसणाऱ्या दोन फंक्शनांपैकी चुकीच्या फंक्शनमध्ये दुरुस्ती बसली, तर कोड मुकाट्यानं कंपाइल होतो आणि बग तसाच राहतो. त्यापेक्षा क्विल्ट (पॅचेस सांभाळणारं साधन) वापरून पॅच रिफ्रेश, म्हणजे नव्या कोडशी जुळवून, घेतलेला परवडला.

नवख्या माणसाचं घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. त्यानं सोर्समधली एक ओळ थेट बदलली आणि बिल्ड केलं, की अपस्ट्रीममध्ये अनपेक्षित बदल सापडल्याची एरर येते. उपाय त्या संदेशातच असतो, बदल कमिट करून पॅच बनवायचा. पण तो आधीच गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) कमिट करून बसलेला असतो! एकाच बदलाचा इतिहास दोन जागी सांभाळायचा, ही या फॉरमॅटची सर्वात मोठी अडचण आहे. जीबीपी पीक्यू या साधनानं पॅचेस गिटच्या ब्रांचवर नेता येतात आणि परत आणता येतात. मीही तेच करते, पण ती मलमपट्टी आहे. आरपीएमची (फेडोरासारख्या डिस्ट्रोंच्या पॅकेज पद्धतीची) स्पेक फाइल शिकायला सोपी, कारण सगळं एकाच ठिकाणी असतं. तरीही दहा वर्षांपूर्वीचं पॅकेज वाचायचं असेल तर मी डेबियनचंच निवडेन.

२०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्राममधलं बॅकडोअर (लपवलेला चोरदरवाजा) उघडकीला आलं. ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलमध्ये एक एम४ फाइल (बिल्डच्या तयारीत वापरली जाणारी) अशी होती, जी गिटमध्ये नव्हतीच. टारबॉलवरची सही पडताळूनही उपयोग नव्हता, कारण ती घातपात करणाऱ्या मेंटेनरचीच होती. डेबियननं काय बदललं हे हा फॉरमॅट चोख दाखवतो, पण टारबॉल आणि गिट यांत फरक किती, याबद्दल तो काहीच बोलत नाही. म्हणून नवी आवृत्ती घेताना मी टारबॉल आणि गिटचा टॅग यांचा डिफ काढते. ऑटोटूल्सनं (बिल्डची तयारी करणाऱ्या साधनांनी) तयार केलेल्या फाइलींमुळे तो लांबलचक निघतो, पण काढतेच. टारबॉल कोणत्या कमिटवरून बनला, त्याचा हॅश (त्या कमिटचा ओळख-क्रमांक) डीएससीमध्ये सक्तीनं लिहायला लावणारी एक ओळ पुढच्या फॉरमॅटमध्ये हवीच हवी.