फडाचं पाणी, साक्री तालुका : ५ पैकी ४ स्टार

पांझरेच्या काठी मामांची जमीन फडात आहे आणि त्यातली थोडी आता मी बघतो, म्हणून हा रिव्ह्यू पाण्याच्या सर्विसचा. ज्यांना फड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालच्या सगळ्या रानाचे तीन-चार मोठे भाग पाडलेले, एकेक भाग म्हणजे एक फड. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर हे तीनचारशे वर्षांपासून चालू आहे.

मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे कारभार. पंच आम्ही शेतकरीच निवडतो, वरून कोणी साहेब येत नाही. नदीला पाणी किती आहे ते बघून पंच ठरवतात की यंदा ऊस कुठल्या फडात, भुसार म्हणजे धान्याचं पीक कुठल्या फडात आणि पाणी कमी असेल तर कुठला फड कोरडा ठेवायचा, आणि एकदा ठरलं की त्या फडात सगळ्यांचं पीक एकच, मला वाटलं म्हणून मधेच केळी लावली असं चालत नाही. ऐकायला हुकूमशाही वाटेल पण खरी गंमत पुढे आहे, जुन्या खातेदाराची जमीन एकाच ठिकाणी नसते, प्रत्येक फडात तुकडा असतो. म्हणजे पंचाने एखादा फड कोरडा ठेवला तर त्याचा स्वतःचा तुकडाही कोरडाच राहतो. आता कोण कोणावर अन्याय करणार सांगा! पुढच्या वर्षी ऊस दुसऱ्या फडात जातो, जमिनीलाही विसावा मिळतो.

रोजचं काम पाटकरी बघतो. रात्री-अपरात्री आपण दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला, जायचं नाही, पाणी तोच फिरवतो, वशिला लावून जास्तीचं पाणी मागणाऱ्याला तो सरळ पंचांकडे पाठवतो आणि मला हे फार आवडतं. जागल्या पिकाची राखण करतो, गुरं घुसू देत नाही. हवालदार या सगळ्यांवर लक्ष ठेवतो. पूर्वी यांना धान्यातच मोबदला मिळायचा. पाट सुरू व्हायच्या आधी गाळ काढायला, बंधारा दुरुस्त करायला घरटी माणूस द्यावाच लागतो, नाही दिला तर दंड, मग तुम्ही कितीही मोठे बागायतदार असा.

तुलना करायची तर मामांचा दुसरा तुकडा सरकारी कालव्यावर आहे आणि तिथे शेवटच्या टोकाला पाणी पोचेल याची खात्री कोणीच देत नाही. २००५ च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांना बळ मिळालं, त्यात शेतकऱ्यांच्या हातात कारभार द्यायचा विचार आहेच, तो चांगलाच आहे, पण कागदावर संस्था झाली म्हणून लगेच एकमेकांवर विश्वास बसत नाही, फडात तो पिढ्यानपिढ्या एकत्र गाळ काढून बसलाय.

एक स्टार का कापला. वर धरणं झाली तसं नदीचं वाहणं बदललं, पंचांनी कितीही नीट ठरवलं तरी पाणीच वेळेवर नसेल तर ते तरी काय करणार, यात त्यांची चूक नाही. पण विहिरी आणि मोटारी आल्यावर ज्याच्याकडे स्वतःचं पाणी आहे तो फडाचं पीक पाळत नाही, आणि अशांना पंच आता पूर्वीसारखं दटावत नाहीत, हे मात्र खटकतं. वाटण्या होऊन काहींकडे एकाच फडातला तुकडा उरलाय, त्यांचं वर्ष कोरडं गेलं तर भरपाई कशी करायची यावर बैठकीत बोलायलाच हवं.

आणि पंचांत बायका का नाहीत? निंदणी त्या करतात, काही जणींच्या नावावर सातबारासुद्धा आहे, पण पीक ठरवायच्या बैठकीला आमच्याकडे पुरुषच बसतात. पुढच्या निवडीला मी आमच्या मामींचं नाव सुचवणार आहे, कुठल्या वाफ्यात पाणी तुंबतं हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.