जळगावचं समुपदेशन केंद्र: फॉर्म भारी, रिसेप्शन बेकार

पारलिंगी बायांसाठी जळगावात समुपदेशन सुरू झालंय म्हटल्यावर धुळ्या-नंदुरबारच्या बऱ्याच जणी विचारताहेत कसं आहे, जावं का, तर सरळ सांगते, जा. ५ पैकी ४ स्टार. नाव मुद्दाम टाकत नाहीये, दारात बघ्यांची गर्दी झाली की त्रास आपल्याच पोरींना होतो, ज्यांना पाहिजे त्यांनी मला विचारा.

पहिल्यांदा गेलं की दोन फॉर्म भरून घेतात. एक डब्ल्यूएचओचा, १९९८ पासूनचा, ५ प्रश्नांचा. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का. प्रत्येकाला ० ते ५ मार्क, बेरजेला ४ ने गुणायचं, १०० पैकी ५० किंवा कमी आले की मग नैराश्याचं नीट तपासतात. आता मे महिन्यात जळगावात ताजंतवानं उठणारा माणूस दाखवा मला, त्या प्रश्नात अख्खा खान्देश नापास होईल, पण असो.

खरा फॉर्म दुसरा. जे सेव्हेलियस म्हणून अमेरिकेतले संशोधक आहेत, त्यांनी आणि त्यांच्या सोबतच्यांनी पारलिंगी बायकांसाठीच ही मोजपट्टी बनवलीय असं तिथल्या समुपदेशन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. लोकांनी मानणं, औषधं-ऑपरेशन, कागदपत्रं आणि स्वतःच्या मनाला पटणं या चार गोष्टी ते वेगवेगळ्या धरतात आणि हा फॉर्म फक्त चौथीचा, म्हणजे आपण बाई आहोत यात किती समाधान आहे, जसं दिसतो-वागतो त्यात मोकळं वाटतं का. मला हे लई पटलं. माझ्याकडे कलेक्टर ऑफिसचं पारलिंगी असल्याचं सर्टिफिकेट आहे, ओळखपत्राचं कार्ड आहे, आणि माझ्यासोबत आलेलीकडे एक कागद नाही, ऑपरेशन नाही, काही नाही, तरी तिचे मार्क माझ्याहून जास्त! चिडवत होती मला जिना उतरेपर्यंत.

शेवटी केंद्रानं स्वतःचे दोन-चार प्रश्न जोडलेत, तिथं मात्र गाडी अडते. "समाजात मान मिळतो का?" कोणत्या समाजात बाई? बधाईला (आशीर्वाद देऊन पैसे घ्यायला) गेलं की दुकानदार पाया पडतो, त्याच दुकानदाराला खोली भाड्यानं मागा, फॅमिलीलाच देतो म्हणेल. "बाहेर हवं तसं राहता येतं का?" फुले मार्केटात साडी नेसून फिरते मी बिनधास्त, पण अमळनेरकडे गावी मयतीला जायचं तर शर्टपॅन्ट घालावीच लागते. मग ५ लिहू का १? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, ताई दोन्ही लिहा, सरासरी नका काढू, आज आपण याच्यावरच बोलू. आणि खरंच त्याच्यावरच बोलल्या, गावाकडचं सगळं निघालं, रडले पण. आकडा काय, तो वहीत राहतो, पैसे यासाठी वसूल आहेत (पहिल्या वेळेला फी नाही तसंही).

फॉर्मची भाषा सरकारी आहे, "लिंगभाव अभिव्यक्ती" (म्हणजे कपडे-वागण्यातून आपण बाई की पुरुष ते दाखवणं) वाचून सोबतची म्हणाली "हाई काय शे व माय?", शेवटी तिथल्या झाडूवाल्या मावशींनी अहिराणीत समजावलं, त्यांना पगार वाढवून द्या.

एक स्टार कुठं कापला ते ऐका. रिसेप्शनवरच्या पोरानं आधारवरचं जुनं नाव भर हॉलमध्ये ओरडून पुकारलं. अरे आत आमचं समाधान मोजताय आणि बाहेर हे? मॅडमला सांगितलं तर पुढच्या वेळेपासून टोकन नंबर सुरू केले, हे मानलं पाहिजे, पण आधीच सुचायला पाहिजे होतं.

ज्यांना येणं जमत नाही त्यांनी १४४१६ लावा, टेलि-मानस म्हणून सरकारची मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन आहे, फुकट, रात्री पण चालू, मराठीत बोलतात. केंद्रात दुपारचं जाऊ नका, हॉलमध्ये पंखा एकच आहे आणि तो पण रिसेप्शनच्या पोराकडे तोंड करून.